रविवार नेमका कुठे लिहिलाय?

गुरुवारची सकाळ. चिंचवडच्या आमच्या स्टॉपवर मी एकटा उभा. हातात डबा, खिशाला कंपनीचा बिल्ला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. पंधरा मिनिटं झाली, बस नाही. पंचवीस झाली, तरी नाही. मी आधी ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडली, मग ट्रान्सपोर्ट खात्याच्या आणि मग एकंदरच देशाच्या. शेवटी समोरच्या पानटपरीवाल्याला माझी दया आली असावी. काच पुसता पुसता तो म्हणाला, "साहेब, आज गुरुवार न्हवं का? तुमच्या कंपनीला सुट्टी हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

"चार्ट लागलाय म्हनं तुमच्या गेटावर. समदी गिऱ्हाइकं तेच बोलत्यात."

तो चार्ट मी छापला होता. तीन हजार माणसांना कोणाची पाळी कधी आणि सुट्टी कोणत्या वारी हे कळवणारा इसम मी. लग्नपत्रिका वाटून मुहूर्त विसरलेल्या नवरदेवासारखा डबा घेऊन घरी परतलो. बायकोने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा जाऊन झोपली.

सुट्टी रविवारवरून गुरुवारवर गेली ती विजेपायी. ते टंचाईचे दिवस होते. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू, हे विजेला झेपेना. तेव्हा वार वाटून घ्यायचं ठरलं आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची शाळा रविवारी बंद, लग्नं रविवारी, सासरची मंडळी रविवारी येणार आणि आम्ही मात्र गुरुवारी लुंगी लावून ओसाड कॉलनीत बसलेले. पण ही रड सगळ्या पिंपरी-चिंचवडने रडून झाली आहे. माझी फजिती निराळी आहे, आणि तिची सुरुवात त्या गुरुवारच्या तीनेक महिने आधी झाली.

मी कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होतो. हा विभाग म्हणजे काय प्रकार होता, हे आज सांगितलं तर लोक हसतील. हसावंच. कारखान्यात सगळीकडे तेल, ग्रीस, लोखंडाचा कीस आणि घाम. आणि मधोमध आमची एक काचेची खोली, बर्फासारखी थंड. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. ऐन मे महिन्यात आम्ही स्वेटर घालून बसायचो, आणि कामगार काचेबाहेर उभे राहून आमच्याकडे प्राणिसंग्रहालयात बघावं तसं बघायचे. आम्हांला मात्र वाटायचं की ते आदराने बघताहेत.

आमचे साहेब टाइम स्टडीतून आले होते. कारखान्यात टाइम स्टडी म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या पाठीमागे उभं राहायचं आणि एक नट कसायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचं. खाली शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या खात्यात, या मंडळींना जे म्हणत ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. कंपनीने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यावर कोणाला बसवावं हे कोणालाच कळेना, म्हणून मोजमापाचा माणूस म्हणून यांना बसवलं. ते येताना स्टॉपवॉच घेऊनच आले. लेथ काय आणि कॉम्प्युटर काय, त्यांच्या लेखी दोन्ही एकच: किती मिनिटांत उरकतं ते बोला.

दाराशी त्यांनी एक फळा लावला. डावीकडे प्रोग्रॅमचं नाव, मध्ये लिहिणाऱ्याचं, उजवीकडे मिनिटं. कमी मिनिटं तो शहाणा, जास्त मिनिटं तो मठ्ठ. आम्ही पदवीधर माणसं रोज सकाळी चपला काढता काढता त्या फळ्याकडे बघायचो, शाळेतल्या निकालाकडे बघावं तसं. माझं नाव बहुधा वर असायचं. हे मी आता तोंड वाकडं करून सांगतो आहे, पण तेव्हा ते बघून माझी छाती फुगायची.

प्रोग्रॅम तेव्हा कागदावर लिहायचा, मग त्याची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून उतरवायची. असा कार्डांचा गठ्ठा मशीनला खायला घातला की मशीन काम करायचं. या कार्डांमध्ये काही कार्डं नुसत्या टिपणीची ठेवता येत. मशीन ती बघतं आणि सोडून देतं. ती माणसासाठी असतात, की बाबा, पुढे हे हे केलं आहे. मी टिपणीचं एकही कार्ड कधी ठेवलं नाही. साहेब गठ्ठा हातात तोलून बघायचे आणि म्हणायचे, "जाड गठ्ठा, जाड डोकं." खरं तर टिपणीच्या कार्डांनी मशीनचं काम मिनिटभरसुद्धा लांबत नाही. साहेबांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण बारीक गठ्ठ्याची शाबासकी मिळत असताना ज्ञान पाजळायला सांगितलंय कोणी?

तर त्या वर्षी पाळ्यांचा चार्ट कॉम्प्युटरवर काढायचं ठरलं. तोवर हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातले दोन कारकून आठवडाभर पट्टी-पेन्सिल घेऊन तो आखायचे. साहेबांनी दोघांना तेच काम दिलं, मला आणि एका नव्या मुलीला. चुरस लावली की काम चोख होतं, हाही टाइम स्टडीतलाच शोध.

ही मुलगी देहूरोडची. तिचे वडील तिथल्या लष्करी डेपोत हमाल म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्तीला आले होते. घरातली ती पहिली पदवीधर. आमच्याकडे सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. तिला सगळे 'मॅडम' म्हणायचे, पण त्या म्हणण्यात मान किती आणि मस्करी किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. वडील चार-सहा महिन्यांत निवृत्त होणार आणि डेपोचं क्वार्टर सोडावं लागणार, हे तिने बसमध्ये एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. नोकरी पक्की झाली तर कंपनीच्या कॉलनीत दोन खोल्या मिळणार होत्या. नाही झाली तर पाच माणसांनी बिऱ्हाड कुठे न्यायचं, ते ठरलेलं नव्हतं. एवढं सगळं मला माहीत होतं. पुढे मी जे केलं ते हे माहीत असून केलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आमच्या विभागात काही विद्वान असे होते की त्यांना नव्या माणसाचं नुसतं आडनाव वाचून त्याची अक्कल, त्याचं घर आणि त्याचं भविष्य सगळं कळायचं. स्वतःचे प्रोग्रॅम मात्र ते असे लिहायचे की कोणाच्या बापाला कळू नयेत. त्या विद्वानांत मी पुढे नव्हतो. फार मागेही नव्हतो.

दोघांचे प्रोग्रॅम तयार झाले. साहेबांनी घड्याळ लावलं. माझा अडतीस मिनिटांत संपला. तिचा दोन तास दहा मिनिटं चालला. शेवटी शेवटी साहेब मुद्दाम जांभया देत होते, आणि आम्ही खुर्च्यांना टेकून त्या जांभयांना हसत होतो.

तिचा गठ्ठा माझ्या गठ्ठ्याच्या तिप्पट. साहेबांनी मधलीच चार कार्डं उपसली आणि मोठ्याने वाचली. टिपणीची होती, इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी लिहिलेलं: 'इथे सुट्टीचा वार ठरतो. वार बदलल्यास फक्त पुढचे कार्ड बदलावे.'

"हे काय? मशीनला मराठी शिकवताय का?"

"मशीनसाठी नाही सर, वाचणाऱ्यासाठी."

"वाचायचंय कोणाला? ही काय कादंबरी आहे?"

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने. मग जरा मोठेपणा म्हणून तिला समजवायला गेलो. "मॅडम, सुट्टी रविवारी असते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते दरवेळी मशीनला विचारायला लावून वेळ का घालवायचा?"

ती म्हणाली, "सर, तुमचा प्रोग्रॅम मी बघितला. मला कळला नाही. तुम्ही रजेवर असलात आणि काही बदलायचं झालं तर कोणी बदलायचं?"

"मी रजेवर जात नाही," मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा फार बाणेदार वाटलं होतं.

माझी युक्ती काय होती ते सांगतो, म्हणजे तिचा दर्जा कळेल. मी वारांना आकडे दिले. रविवार शून्य, सोमवार एक, असं करत शनिवार सहा. शून्याने कशालाही गुणा, शून्यच येतं. मग 'आज सुट्टी आहे का?' हा प्रश्न मशीनला विचारायचं कारणच उरत नाही. वाराचा आकडा मी प्रत्येक हिशेबात असा काही गुंफला की रविवार आला की पाळीचा रकाना आपोआप कोरा, बसचा कोरा, कँटीनचाही कोरा. त्याच आकड्यावर आठवडा संपतो कुठे ते ठरायचं, म्हणजे रात्रपाळीवाल्याने सकाळपाळीला कधी यायचं ते. त्याच आकड्यावर बसचे मार्ग. मेमरीतली एकच जागा तीन कामांना वापरली होती, आमच्या घरातल्या पुढच्या खोलीसारखी: सकाळी अभ्यास, दुपारी धुणं, रात्री गाद्या. आणि नावं सगळी एकाक्षरी. के, एल, एम. कशाला काय म्हणायचं ते माझ्या डोक्यात होतं. डोकं माझ्या मालकीचं, तेव्हा ते कुठे जातंय?

साहेबांनी फळ्यावर माझ्या नावापुढे अडतीस लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. तिचा गठ्ठा कपाटावर गेला. आठवड्यातून एकदा चालणाऱ्या त्या कामात मी दीड तास वाचवला होता. त्या वाचलेल्या दीड तासात मशीन काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. काहीही करायचं नाही. थंड हवेत नुसतं बसून राहायचं, आमच्यासारखंच.

तीन महिने चार्ट बिनबोभाट निघाला. मग एका मंगळवारी नोटीस आली: पुढच्या आठवड्यापासून साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. नवा चार्ट शनिवारी दुपारपर्यंत गेटावर लागला पाहिजे.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एका कार्डाचं काम आहे."

माझा गठ्ठा घेऊन बसलो आणि रविवार शोधू लागलो. पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत गेलो, पुन्हा मागे आलो. रविवार कुठेच लिहिलेला नव्हता. मीच तो लिहिला नव्हता. लिहायला लागू नये हीच तर माझी हुशारी होती. तो सगळीकडे मुरलेला होता, वरणात हिंग मुरावा तसा. आता त्या वरणातून हिंग वेगळा काढा म्हणे!

बरं, के म्हणजे काय? तीन महिन्यांपूर्वी मला ते माहीत होतं. एका कार्डावर के म्हणजे वार वाटे, त्याच्या पुढच्या कार्डावर के म्हणजे बस. हे लिहिणारा माणूस मला त्या दिवशी भेटला असता तर मी त्याच्या कानाखाली काढली असती. दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, काही मदत करू का?"

"नको, नको. होतच आलंय."

संध्याकाळपर्यंत मी गुरुवारला शून्य करून टाकलं. कागदावर गुरुवारचे रकाने छान कोरे आले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी घाईघाईने तो चार्ट टाइम ऑफिसात पाठवला, आणि त्यांनी त्याहून घाईने तो बोर्डावर लावला.

गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर काचेच्या दारात एक कामगार येऊन उभा राहिला. मोशीचा गडी, इंद्रायणीकाठी थोडी शेती करून मशीनशॉपला येणारा. बूट काढावेत का, म्हणून एक पाय वर धरून उभा.

"साहेब, चार्ट कुनी लिवला?"

"मी. का?"

"न्हाई, जरा इचारायचं हुतं. शनवारी रातच्याला मला रातपाळी लावलीया. सुटनार आयतवारी सकाळी सातला."

"बरोबर."

"आन् आयतवारी सकाळी सातलाच पयल्या पाळीला बी मीच हाय. म्हंजी रातचा मी गेटातनं भायेर पडायच्या येळंला सकाळचा मी आत शिरनार." त्याने पाय बदलला. "तवा मी एक हाय का दोन, तेवढं सांगा. दोन असलो तर झ्याकच हाय, एकाला शेतावर धाडतो."

मागे कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या मुली फिदीफिदी हसल्या. माझ्या ध्यानात आलं. सुट्टी मी गुरुवारी नेली, पण पाळीची अदलाबदल रविवारीच राहिली होती. आधी रात्रपाळी आणि सकाळपाळी यांच्यामध्ये सुट्टीचा दिवस असायचा, माणूस झोपून यायचा. आता मध्ये काहीच नव्हतं. आणि असे रात्रपाळीचे एकूण एक कामगार होते.

मी अदलाबदल हलवली. तर मंगळवारच्या बसगाड्या गायब झाल्या. बसगाड्या परत आणल्या, तर कँटीन सोमवारी बंद. नवारीच्या खाटेसारखं झालं होतं: एका टोकाला पट्टी ओढून ताठ करावी, तर दुसऱ्या टोकाला झोळ. शुक्रवारी सकाळी युनियनचे दोघे साहेबांना भेटून गेले आणि साहेब बाहेर आले ते स्टॉपवॉच हातात घेऊनच.

"किती वेळ लागेल?"

"दुपारपर्यंत."

"तुमचं एक कार्ड कधीपासून चाललंय?"

जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला. ती इतर मुलींबरोबर कँटीनला गेली होती. मी खुर्चीवर चढलो आणि कपाटावरून तिचा गठ्ठा उतरवला. धूळ बसली होती, तरी रबर शाबूत होतं. पाचव्या मिनिटाला ते कार्ड सापडलं: 'वार बदलल्यास फक्त पुढचे कार्ड बदलावे.' पुढचं कार्ड काढलं. पंचिंग मशीनवर बसून नवं कार्ड मारलं, गुरुवारचं. झालं. एका कार्डाचं काम, मी म्हणालो होतो तसंच.

पण मी दोन बदलली. सर्वांत वरच्या कार्डावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते चार्टाच्या तळाशी छापून येतं. ते कार्डही मी काढलं आणि माझं घातलं.

मशीन चालवणारे चाचा कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. कासारवाडीचे, वयाने आम्हां सगळ्यांहून मोठे. त्यांनी सगळं पाहिलं. गठ्ठा त्यांच्या हातात दिला तेव्हा म्हणाले, "ये तो उस लडकी का है."

"हो. जरा गरज होती."

"गरज को वार का कार्ड लगता है, राव. नाम का कार्ड काय को?" एवढं बोलून त्यांनी हात पुसले आणि गठ्ठा मशीनला लावला.

दोन तास दहा मिनिटं. या खेपेला साहेबांनी एकदाही जांभई दिली नाही. चार्ट निघाला, तपासला, एकही चूक नाही. कधीच न विझणाऱ्या भट्टीखात्यातल्या आळीपाळीच्या सुट्ट्यासुद्धा जागच्या जागी. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "दोन दिवसांत नवा प्रोग्रॅम लिहिलात! मिनिटं जरा जास्त आहेत, पण परिस्थितीच तशी होती." आणि फळ्यावर माझ्या नावापुढे त्यांनी स्वहस्ते दोन तास दहा मिनिटं लिहिली. तीच मिनिटं दुसऱ्याच्या नावापुढे असताना मठ्ठपणा होती.

त्याआधी, ती कँटीनहून परतली तेव्हा छपाई चालूच होती. तिने बाहेर पडणारा कागद हातात धरला. आपल्या मुलाला आई गर्दीत ओळखते, तसे तिने आपले रकाने ओळखले असणार. तळाचं नावही वाचलं. मी फायलीत डोकं खुपसून बसलो होतो. ती माझ्याजवळ आली.

"सर, गठ्ठा परत बांधाल तेव्हा रबर दोन लावा. एक लावलेलं तुटतं. कार्डं सांडली तर लावायला दिवस जातो."

"हो," मी म्हणालो.

बस्स. ती जाग्यावर जाऊन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर मला किती बरं वाटलं असतं! भांडणात माणूस हरला तरी त्याला स्वतःची बाजू असल्याचा भास होतो.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. तिचे सहा महिने संपत आले होते. पक्कं करायचं की निरोप द्यायचा, यावर ज्येष्ठ म्हणून माझे चार शब्द हवे होते. फॉर्म आदल्या दिवशीच, म्हणजे कामाच्या झालेल्या पहिल्या रविवारी, माझ्याकडे आला होता आणि मी त्यात भीत भीत लिहिलं होतं: 'काम नीटस आणि समजण्याजोगे.'

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नीटस म्हणजे काय हो? रांगोळी काढते का? मिनिटं किती ते लिहा."

"मिनिटं जास्त लागतात, पण..."

"मग तेच लिहा. तसंही, त्या लोकांना..." साहेबांचं हे वाक्य नेहमी इथेच थांबायचं. उरलेलं आम्ही आपापलं पूर्ण करून घ्यायचो. तेवढं एक आम्हांला न लिहिताही वाचता यायचं.

मी मान खाली घातली. साहेबांना वाटलं, पटलं. त्यांनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "एक करा. निरोप द्यायच्या आधी तिला तुमचा गुरुवारचा प्रोग्रॅम दाखवा. मी स्वतः बघितला काल. पहिल्यांदा मला एखादा प्रोग्रॅम वाचून कळला! हे असं लिहायला शीक म्हणावं. पुढच्या नोकरीत तरी उपयोगी पडेल."

मी शूर माणूस नाही. त्या क्षणीही नव्हतो. पण तो गठ्ठा घेऊन मी तिच्यासमोर उभा राहिलोय आणि तिचाच प्रोग्रॅम तिला शिकवतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तोंडातून निघून गेलं:

"साहेब, तो तिचाच आहे."

"काय तिचा?"

"प्रोग्रॅम. कपाटावरचा. मी वाराचं कार्ड बदललं. आणि नावाचं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते लावायला बराच वेळ लागला. त्या वेळी घड्याळ लावलेलं नव्हतं, नाहीतर विक्रम झाला असता. मग म्हणाले, "आणि तुमचा? अडतीसवाला?"

"तो मलाच कळत नाही."

साहेब उठून बाहेर गेले. फळ्यावरचं माझं नाव त्यांनी हाताच्या पंजाने पुसलं. तिचं लिहिलं नाही. दोन तास दहा मिनिटं कोणाचीच नसल्यासारखी पुढे आठ दिवस फळ्यावर होती.

साहेबांना उपरती झाली असं कोणी समजू नये. त्यांनी साधा विचार केला: वीजवाले आज गुरुवार म्हणाले, उद्या मंगळवार म्हणतील, तेव्हा वार बदलता येणारं माणूस हाताशी हवं. महिनाअखेर तिला पक्कं केल्याचं पत्र आलं, पाठोपाठ कॉलनीतल्या खोल्यांचंही. आणि मला माझ्या सगळ्या जुन्या प्रोग्रॅमांत टिपणीची कार्डं घालायची शिक्षा मिळाली. लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं. तिला कळलं तर पास. ती शांतपणे ऐकायची आणि विचारायची, "म्हणजे काय, सर?" दोन महिने मी त्या तीन शब्दांना घाबरून होतो.

पत्र मिळालं त्या दिवशी तिने पेढे वाटले. माझ्या टेबलाशी आली, "घ्या, सर." मी पेढा घेतला, म्हणालो, "अभिनंदन." पेढा तोंडात असल्यामुळे जास्त बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ती पुढच्या टेबलाकडे गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर ही सगळी हकिकत मी बायकोला सांगितली. ती खाली बसून वाटाणे सोलत होती. सांगताना साहेबांपुढचा प्रसंग मी जरा खुलवूनच सांगितला: कसा उभा होतो, कसं स्पष्ट बोललो, साहेब कसे चपापले. कपाटावर चढल्याचं आणि नावाचं कार्ड बदलल्याचं भरभर उरकलं. शेवटी म्हणालो, "चुकलं माझं, पण खरं सांगून टाकलं की नाही?"

तिने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "साहेबांना सांगितलंत. आता मला सांगितलंत. जिला सांगायचं ती राहिलीच की. तिचा पेढा खाऊन आलात नुसते. उद्या जाऊन सांगा तिला. आणि सांगाल तेव्हा सरळ, तिला कळेल असं सांगा. मला सांगितलंत तसं नको."